चष्मा पुन्हा बदलावा लागला तेव्हा

आमची मुलगी नववीत असताना दीड वर्षात तिचा चष्मा 3 वेळा बदलला. दर वेळी आम्ही मोबाइलला दोष दिला. ती सारखी डोळे चोळायची, तेही धुळीची अ‍ॅलर्जी म्हणून सोडून दिले. वर्गातल्या 60 मुलांवर नजर ठेवणारे आम्ही, घरातली ही गोष्ट आम्हाला दिसली नाही.

शेवटी नेत्रतज्ज्ञांनी टोपोग्राफी केली. निदान झाले केराटोकोनस. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या आजारात तो पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. एका दिव्याचे दोन-तीन दिसू लागतात आणि पुढे चष्म्यानेही भागत नाही. सुरुवात बहुधा किशोरवयात होते, चोळण्याने तो बळावतो.

यावर क्रॉस-लिंकिंग करतात. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनची. रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. डोळा बधिर करून कॉर्नियावरची पातळ साल काढतात. अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाचे थेंब घालतात. मग मूळ पद्धतीत अर्धा तास अतिनील किरण सोडतात. त्याने आतल्या तंतूंमध्ये नवे जोड तयार होऊन पडदा ताठ होतो. सैल खाटेला आडव्या दोऱ्या भराव्यात तसे.

दादीने विचारले, "मग चष्मा जाईल ना?"

खरे तर आमचीही तीच आशा होती. पण नाही. हा उपचार आजाराची वाढ थांबवण्यासाठी आहे, गेलेली नजर परत आणण्यासाठी नव्हे. म्हणूनच उशीर महाग पडतो. "दहावी होऊ दे" म्हणत आम्ही 4 महिने घालवले. त्यात फुफीची चिंता, स्थळ येईल तेव्हा काय सांगायचे? कॉर्निया 400 मायक्रॉनपेक्षा पातळ झाला तर नेहमीच्या पद्धतीने हा उपचार करता येत नाही, हे कळले तेव्हा आमचे हातपाय गार पडले. मुलीचा अहवाल त्या रेषेच्या थोडा वर होता.

पहिले 3 दिवस तिने अंधाऱ्या खोलीत रडून काढले. वेदना, पाणी, उजेड सोसत नाही. काही आठवडे धूसर दिसले. जंतुसंसर्गाचा धोका असल्याने थेंबांची वेळ आम्ही चुकू दिली नाही.

आता ती कडक लेन्स लावून फळा वाचते. हा आजार भावंडांतही आढळतो, म्हणून धाकट्याची तपासणी केली. अहवाल चांगला आला. पण त्याचा हात डोळ्याकडे गेला की दादी तो मध्येच धरते.