ईदचा फोटो छापण्यापूर्वी

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मीने त्यांचा शेवटच्या ईदचा फोटो अल्बमसाठी मोठा करून मागितला. फोटो व्हॉट्सॲपवर आलेला होता. मोबाइलवर छान दिसायचा, पण 8 बाय 12 इंचांची प्रत हाती आली तेव्हा अब्बांचा चेहरा धूसर होता. मूळ फोटो तोवर भाच्याच्या मोबाइलमधून पुसला गेला होता.

कारण साधे आहे. छपाई स्वच्छ यायला दर इंचाला सुमारे 300 पिक्सेल लागतात. म्हणजे 4 बाय 6 साठी 1200 बाय 1800 आणि 8 बाय 12 साठी 2400 बाय 3600. आमचा फोटो पाठवताना लहान होऊन 1200 बाय 1600 उरला होता. नंतर आकडे वाढवले तरी गेलेला बारकावा परत येत नाही.

दुसरी अडचण कापण्याची. मोबाइलचा फोटो बहुधा 4:3 प्रमाणात असतो, 4 बाय 6 चा कागद 3:2. त्यामुळे आडव्या फोटोची उंची नवव्या हिश्शाने कमी होते. मागच्यांच्या टोप्या तरी जातात, नाहीतर पुढे बसलेल्या मुलांचे पाय. म्हणून फोटो काढतानाच वर-खाली जागा सोडा. क्रॉप करताना 3:2 निवडा, तेही मूळ फोटोवर नव्हे, त्याच्या कॉपीवर.

फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, म्हणजे तो लहान होत नाही. येत्या ईदला, इन्शाअल्लाह, सगळे जमतील. वडीलधाऱ्यांचे मूळ फोटो त्याच रात्री पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.