पंखे पाच, प्लग एक!

मे महिना, नगरचं ऊन आणि ६८ टक्क्यांवर अडकलेलं काम. कॉम्प्युटर गार ठेवायचा तर पंखे वाढवा, हा माझा समज एका रात्रीत उतरला. त्यानंतर माझी ओळख झाली ती ‘फॅन हब’ नावाच्या एका चिमुकल्या डबीशी आणि शाळेत टाळलेल्या बेरजेशी!

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. स्क्रीनवर रेंडर ६८ टक्के. सकाळी नऊला पुण्यात क्लायंटसमोर प्रेझेंटेशन. आणि कॉम्प्युटर एकदम गप्प! दिवे होते, वायफाय होतं, छतावरचा पंखाही गरगरत होता. फक्त माझं मशीन गेलं होतं. कॅबिनेटला हात लावला आणि पोळीचा तवा चुकून पकडावा तसा मागे घेतला.

माझं काम तसं मजेशीर आहे. बिल्डरने अजून पायासुद्धा न खणलेल्या फ्लॅटच्या बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन पाडायचं, सोफ्यावर मांजर बसवायचं आणि तो व्हिडिओ पाठवून द्यायचा. हे खोटं ऊन तयार करायला प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबतो. आणि खिडकीबाहेरचं खरं ऊन त्याच प्रोसेसरच्या जिवावर उठतं. नगरमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि रात्रीसुद्धा भिंती गरमच असतात. कागदोपत्री शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. तोंडात अजून नगरच येतं, आणि ऊन दोन्ही नावांना सारखंच!

दीड वर्षापूर्वी, बाबा गेल्यानंतर, मी ऑफिसकडून परवानगी काढून पुण्याहून सावेडीला परत आले. आई घरात एकटी होती. ऑफिसची अट सरळ होती : मशीन तुझं, जबाबदारी तुझी. एप्रिलमध्ये एकदा डिलिव्हरी हुकली, तेव्हा बॉसने शांतपणे सांगितलं होतं, “अजून एकदा असं झालं, तर इथे येऊन काम कर. इथे एसी आहे.” म्हणजे त्या रात्री फक्त एक व्हिडिओ अडकला नव्हता. माझं नगरमध्ये राहणंच ६८ टक्क्यांवर लटकलं होतं.

आईचा टेबल फॅन

आवाजाने आई उठून आली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कॅबिनेटकडे. आत गेली आणि बाबांचा जुना टेबल फॅन घेऊन आली. “त्याचं झाकण काढ आणि हा लाव समोर.” मी कॅबिनेटची बाजूची पट्टी काढली, तेव्हा खरा प्रकार दिसला. प्रोसेसरवरचा पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता, पण कॅबिनेटचे पाचही पंखे बंद! तीच ती गरम हवा आतल्या आत घुसळली जात होती.

पाच पंखे ही माझीच हौस. कॅबिनेटबरोबर दोन आले होते. एप्रिलच्या फजितीनंतर मी आणखी तीन आणले, निळ्या-जांभळ्या लाइटवाले. एकदम सही दिसत होते! मदरबोर्डवर कॅबिनेटच्या पंख्यांसाठी दोनच जागा होत्या. त्यांतल्या एकीपर्यंत वायर पोचेना. मग मी काय केलं, तर स्प्लिटरला स्प्लिटर जोडला आणि पाचही पंखे एकाच जागी लटकवले. फिरले की! टाळ्या!

आई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, “अगं, एकाच बोर्डावर मिक्सर, इस्त्री आणि गिझर लावलास तर काय होईल?”

तेव्हा मी काही बोलले नाही. टेबल फॅनच्या वाऱ्यावर मशीन पुन्हा चालू झालं. आधीच्या फ्रेम सेव्ह होत्या, त्यामुळे उरलेलं काम सकाळी पावणेअकराला संपलं. प्रेझेंटेशन दुपारवर गेलं. बॉसचा मेसेज तीन शब्दांचा होता : “जूनमध्ये बोलू आपण.”

एक अँपिअरची गोष्ट

दुसऱ्या दिवशी मी पंखा घेऊन कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. काका चष्मा वर करून म्हणाले, “ताई, पंख्यावरचा स्टिकर वाचला का?” नव्हता वाचला. कोण वाचतं?

स्टिकरवर लिहिलं होतं : १२ व्होल्ट, ०.३ अँपिअर. असे तीन म्हणजे ०.९. कॅबिनेटबरोबरचे दोन ०.२५ चे, म्हणजे ०.५. एकूण १.४ अँपिअर. आणि मदरबोर्डवरची पंख्याची एक जागा, जिला हेडर म्हणतात, ती साधारणपणे किती देते? एक अँपिअर. बस! १२ व्होल्टने गुणलं तर १२ वॉट. मी मागत होते जवळजवळ १७. त्यात पंखा थांबलेल्या अवस्थेतून सुटताना क्षणभर आणखी जास्त ओढतो. त्या बिचाऱ्या हेडरने तीन आठवडे सोसलं आणि एका गरम रात्री प्राण सोडला. नशीब, मदरबोर्ड वाचला.

स्प्लिटरचा घोळ इथेच आहे. तो फाटे फोडतो, वीज वाढवत नाही. एका नळाला पाच पाइप जोडले म्हणून नळाला पाणी जास्त येतं का?

ही ओव्हरस्मार्ट डबी करते काय?

काकांनी काउंटरवर एक काळी डबी ठेवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, कडेला पंख्यांसाठी ओळीने पिना आणि दोन वायरी बाहेर. हाच फॅन हब. साधा घेतला तर एखाद्या पिझ्झाच्या पैशांत येतो.

त्याचा फंडा समजून घ्यायचा तर पंख्याच्या चार वायरी समजून घ्यायला हव्यात. एक अर्थची, एक १२ व्होल्टची. तिसरी वायर पंखा मिनिटाला किती फेरे मारतोय ते मदरबोर्डला कळवते. चौथी हुकूम आणते : हळू फिर, जोरात फिर. या हुकमाचं नाव पीडब्ल्यूएम. म्हणजे सिग्नल सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्यात ‘चालू’चा वाटा किती, त्यावरून वेग ठरतो. इंटेलच्या २००५ च्या नियमावलीत हा सिग्नल २५ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवलाय. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, म्हणून ही चालू-बंद आपल्याला गुणगुणल्यासारखी ऐकू येत नाही.

हब करतो एवढंच : हुकूम आणि रसद वेगळे करतो. हुकूम मदरबोर्डकडून येतो, एका वायरीने. वीज मात्र थेट पॉवर सप्लायकडून येते, साटा नावाच्या चपट्या प्लगमधून. या प्लगची १२ व्होल्टची क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. माझे १७ वॉट त्यापुढे किस झाड की पत्ती! मदरबोर्डने फक्त आवाज द्यायचा, ओझं उचलायचं नाही. आपल्या ऑफिसातल्या काही मॅनेजरांना हे आधीपासून जमतंच!

आधी ताळेबंद, मग पेरणी

घरी येताना रिक्षात एक गोष्ट आठवली आणि हसूच आलं. नगरपासून थोड्याच अंतरावर हिवरे बाजार आहे. शाळेची सहल हमखास तिथे जायची. एकेकाळी दुष्काळाने रिकामं होत चाललेलं गाव. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, गावाने डोंगरउतारावर पाणी अडवलं आणि पुढे पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती झाला ते मोजायचं, गावाच्या वाट्याला पाणी किती आलं ते काढायचं आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. पिण्याचं पाणी आधी, माणसांचं आणि जनावरांचं. शेती नंतर. ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना मनाई. पवारांना २०२० ची पद्मश्री मिळाली, पण आम्हा सहलीतल्या पोरांना लक्षात राहिला तो भिंतीवरचा हिशेब.

आम्ही नगरची माणसं! पर्जन्यछायेतली. किती आहे ते मोजल्याशिवाय खर्च करू नये, हे आमच्या मातीतच आहे म्हणे. आणि मी काय केलं? एका हेडरवर ऊस लावला!

मग त्या संध्याकाळी कागद घेतला आणि चक्क ताळेबंद मांडला. पिण्याचं पाणी म्हणजे प्रोसेसरचा पंखा. तो हबवर नाही, मदरबोर्डवरच्या त्याच्या हक्काच्या जागी. कारण तो बंद पडला तर मदरबोर्डला ताबडतोब कळलं पाहिजे. बाकीचे पाच हबवर. हबची हुकमाची वायर उरलेल्या दुसऱ्या हेडरला. ती लांब असल्याने आरामात पोचली.

विमान उडालं!

बटण दाबलं आणि पाचही पंखे असे घोंगावले की आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “गिरणी लावलीस का?” मशीन रिकामं बसलेलं, तरी पंखे फुल स्पीडमध्ये. अर्धा तास डोकं खाजवल्यावर सापडलं. बायोसमध्ये ते हेडर ‘डीसी’ मोडवर होतं, म्हणजे ते व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवू बघत होतं. पण हबवरच्या पंख्यांना वीज दुसरीकडून मिळते, त्यांना व्होल्टेजचं काय! सेटिंग पीडब्ल्यूएमवर नेलं आणि चार पंखे शहाण्यासारखे खाली बसले.

पाचवा मात्र बेभान फिरतच होता. तो कॅबिनेटबरोबरचा जुना, तीन वायरींचा. त्याला चौथी, हुकमाची वायरच नाही. हब देतो ते पूर्ण १२ व्होल्ट खायचे आणि सुसाट पळायचं, एवढंच त्याला माहीत. वैतागून काढून टाकला. आता चारच उरले. म्हटलं, तापमान वाढणार. तासभर रेंडर चालवला. ढिम्म फरक नाही!

त्यामागचं गणित मस्त आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा साधारण निम्मी होते, पण लागणारी वीज थेट आठवा हिस्सा होते. आवाजही खूप खाली येतो. उलट तसाच आणखी एक पंखा शेजारी लावला तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा बोंबलत फिरवण्यापेक्षा दोन-तीन पंखे निवांत फिरवणं केव्हाही परवडतं. मात्र ते एका सुरात फिरायला हवेत, आणि वारा एका दिशेने वाहायला हवा : पुढून आत, मागून आणि वरून बाहेर.

मी वेगाचा आलेखही बदलला. ५० अंशांपर्यंत ४० टक्के, पुढे हळूहळू चढत ८० अंशांना पूर्ण. आधी प्रोसेसर ९५ च्या पुढे जायचा आणि स्वतःला वाचवायला वेग कापायचा. आता रात्रभराच्या रेंडरला तो ८० च्या खालीच राहतो. आणि शेजारच्या खोलीत आई झोपू शकते.

घरीच प्रयोग करणार? एवढं बघाच

• पंख्यांच्या स्टिकरवरचे अँपिअर कागदावर लिहून बेरीज करा. बेरीज एका हेडरच्या मर्यादेजवळ जात असेल, तर स्प्लिटर नको, स्वतंत्र वीज घेणारा हब घ्या.
• प्रोसेसरचा पंखा हबवर टाकू नका.
• हब फक्त एकाच पंख्याचे फेरे मदरबोर्डला कळवतो, बहुधा खूण केलेल्या जागेवरच्या. बाकीचा एखादा बंद पडला तरी स्क्रीनवर कळणार नाही. महिन्यातून एकदा डोळ्यांनी बघा.
• चार वायरींचेच पंखे घ्या आणि बायोसमध्ये पीडब्ल्यूएम निवडा.
• लाइटवाल्या पंख्यांच्या लाइटची वायर वेगळी असते. पाच व्होल्टचे लाइट १२ व्होल्टच्या जागी लावले तर ते कायमचे जातात.
• जुन्या मोठ्या चौपिनी प्लगवरून साटा बनवणारे स्वस्त, ओतीव अडॅप्टर टाळा. ते तापून पेटल्याची उदाहरणं आहेत. हब थेट पॉवर सप्लायच्या वायरीला जोडा.
• आपल्याकडची धूळ विसरू नका. हवा आत घेणाऱ्या पंख्यांसमोर जाळी लावा आणि ती दर पंधरा दिवसांनी झटका.

जून आला. बॉसशी बोलणंही झालं. मी त्याला मेमधल्या उरलेल्या तीन डिलिव्हरींची यादी पाठवली होती, तिन्ही वेळेत. फोनवर तो जरा थांबला आणि म्हणाला, “ठीक आहे. दिवाळीपर्यंत बघू.” आमच्या ऑफिसच्या भाषेत याला ‘हो’ म्हणतात.

परवा इन्व्हर्टरवाला आला होता. आईला फ्रिजही इन्व्हर्टरवर हवा होता. तो म्हणाला, “लावू की मावशी, काही होत नाही.” आईने देवघराच्या ड्रॉवरमधून पेन काढलं, वर्तमानपत्राचा कोपरा फाडला आणि त्याच्यासमोर ठेवला.

“आधी बेरीज करा.”