तित्तर-लाव्यांच्या शिकारीला आता हंगाम नाही

भाताची कापणी उरकली की खांडबारा भागात शिवारात तित्तर-लावे दिसतात, बंधाऱ्यावर रानबदके उतरतात. "विणीचे दिवस टळले, आता पाखरं धरायला हरकत नाही," असे काही जण अजून म्हणतात. ही समजूत जुनी झाली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी शिकारीचा परवाना मिळे. बंदीच्या हंगामात तोही चालत नसे. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवानेच संपले. आता खाण्यासाठी वा हौसेसाठी शिकार बाराही महिने बंद आहे, स्वतःच्या शेतातसुद्धा.

ध्यानात ठेवा :

१. फासा लावणे, विषारी दाणे टाकणे, अंडी फोडणे, घरटे विस्कटणे हीदेखील शिकारच.

२. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोर मारल्यास कैद किमान ३ वर्षे.

३. घरच्या कोंबड्या-बदकांना हा नियम नाही.

मग पिकाचे काय? डबा वाजवा, बुजगावणे उभारा. औषध चोळलेले बियाणे उघडे टाकू नका, मातीआड करा. तित्तर वाळवी व किडेही खातो, हे विसरू नका. जखमी पाखरू आढळल्यास वनरक्षकाला कळवा.