काला आणि कालवाकालव

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री श्रीकृष्णजन्माचा पाळणा हलतो आणि नवमीस गोपाळकाला होतो. कोणा गोपाळाच्या शिदोरीत शिळी भाकरी, कोणाच्या पोहे, कोणाजवळ केवळ लोणच्याची फोड. नंदाघरचे दहीही त्यांतच कालविले जाते. भगवंताने स्वहस्ते कालविलेल्या त्या प्रसादाचे माहात्म्य आम्ही चाळीस वर्षे कृष्णाकाठी, वाईस, काल्याच्या कीर्तनात सांगत आलो आहोत. गतवर्षीच्या काल्याने मात्र आमच्याच पदरी प्रायश्चित्त घातले.

त्या सायंकाळी हंडीच्या मिरवणुकीतील कर्ण्यांनी मंदिराची तावदाने थरथरत होती. आम्ही नारदांच्या गादीवरून उद्गारलो, "दहा गाणी एकत्र कोंबणारा हा डीजे म्हणजे कलीने केलेला काला!" सभेत हशा पिकला. आमच्या मागे झांज घेऊन उभा असलेला नातू तेवढा हसला नाही. अशी मिश्रणे रचण्याचा त्याला छंद आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. रात्री पान वाढताना त्याने एवढेच विचारले, "आजोबा, यातलं काही तुम्ही कधी ऐकलंत का?"

आम्ही निरुत्तर झालो. पूर्वपक्ष यथार्थ मांडल्यावाचून खंडनाचा अधिकार नाही, हे जन्मभर विद्यार्थ्यांस शिकविले आणि स्वतः मात्र न ऐकताच निकाल दिला! दिवाळीस नातू पुण्याहून आला. पण वयाच्या सातव्या वर्षापासून हाती असलेली झांज त्याने उचलली नाही. अखेर आम्हीच त्याला म्हणालो, "ऐकव बाबा, काय ते."

प्रथम त्याने आमचा शब्दच दुरुस्त केला. आपल्याकडे 'डीजे' म्हणजे कर्ण्यांची भिंत, असा अर्थ रूढ झाला आहे. वस्तुतः डीजे म्हणजे डिस्क जॉकी, ध्वनिमुद्रिका निवडून वाजविणारा माणूस. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क या तरुणाने बहिणीने योजिलेल्या मेजवानीत ध्वनिमुद्रिका वाजविल्या. एकाच मुद्रिकेच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवून, ज्या तालाच्या तुकड्यावर नाचणारे रंगत तोच तो आलटून पालटून लांबवावयाचा, ही त्याची युक्ती. कीर्तनात नामाचा गजर रंगला की आम्हीही तो असाच लांबवितो!

पुढे एका गाण्याचे शब्द दुसऱ्याच्या वाद्यमेळावर चढविण्याची कला वाढीस लागली. तिला 'मॅशअप' म्हणतात. तबकड्या व कॅसेटी मागे पडल्या, तरी अशा सलग गुंफलेल्या गीतमालेस 'मिक्सटेप' हे जुनेच नाव राहिले. नातवाने 'ग्रे अल्बम' ऐकविला. जे-झी या गायकाच्या २००३ सालच्या 'ब्लॅक अल्बम'मधील शब्द आणि बीटल्सच्या १९६८ सालच्या पांढऱ्या वेष्टनातील गीतसंग्रहाचे सूर डेंजर माउस या रचनाकाराने २००४ साली एकत्र आणिले. काळ्यापांढऱ्याचा करडा झाला. बीटल्सच्या मुद्रणांचा हक्क असलेल्या ईएमआय कंपनीने हरकत घेतली, तेव्हा त्या वर्षीच्या २४ फेब्रुवारीस अनेकांनी निषेधार्थ ते मिश्रण विनामूल्य वाटले.

मग गर्ल टॉक या नावाने रचना करणाऱ्या ग्रेग गिलिस यांचे २०१० सालचे 'ऑल डे' ऐकले. सुमारे ७१ मिनिटांत साडेतीनशेहून अधिक गाण्यांचे तुकडे! पहिल्या वेळी डोके भणभणले. काही शब्दांचा अर्थ विचारला तेव्हा नातू लाजला. ते शब्द देवघराशेजारी शोभणारे नव्हते, हे आम्ही लपवीत नाही. तिसऱ्या वेळी मात्र कान बसला. एका गाण्याची लय किंचित चढवावी, दुसऱ्याची उतरवावी, सुरास सूर जुळवावा आणि सांधा कळू न देता पुढे जावे, ही कसरत आमच्या ओळखीची निघाली.

कारण नारदीय कीर्तन तरी दुसरे काय आहे? पूर्वरंगात अभंग, त्यावर उपनिषदाचे प्रमाण. उत्तररंगात ओवी, आर्या, साकी, दिंडी, कटाव आणि मधूनच नाटकातल्या पदाची चाल. सोलापूरचे रामजोशी लावणीकार म्हणून गाजले आणि कीर्तनकारही झाले. संस्कृतात तर नवल याहून मोठे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे गुरू जैन आचार्य जिनसेन यांनी नवव्या शतकात 'पार्श्वाभ्युदय' रचले. त्याच्या श्लोकाश्लोकात कालिदासाच्या मेघदूताचा एखादा किंवा दोन चरण जसेच्या तसे. उरलेले चरण जिनसेनांचे. यक्षाची विरहवेदना अशा रीतीने तीर्थंकर पार्श्वनाथांच्या तपश्चर्येच्या कथेत गुंफली गेली. हे आम्ही वर्षानुवर्षे कौतुकाने शिकविले. नातवाच्या हातून तसेच काही घडले तेव्हा मात्र कली आठवला!

तरीही काला आणि कालवाकालव यांत अंतर आहेच. काल्यात प्रत्येकाच्या शिदोरीची चव जिभेला ओळखू येते. कालविणाऱ्यास प्रत्येक शिदोरी ठाऊक असावी लागते, आणि ती कोणाची हे सांगण्याची कृतज्ञताही असावी लागते. अभंगाच्या अखेरीस संतांची नाममुद्रा असते. ती गिळून अभंग गाणारा हरिदास चोर ठरतो. गाणे रचणाऱ्याचे ऋण मानावे, ही अपेक्षा डीजेकडूनही रास्तच आहे. राहिला प्रश्न कर्णकर्कशतेचा. २००० सालच्या नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती मोडणारा दोषी खराच. पण तो दोष आवाज वाढविणाऱ्याचा, मिश्रणाचा नव्हे. नातवाने आम्हांस सारे हेडफोनवर ऐकविले. शेजारच्या खोलीत त्याच्या आजीची जपमाळ निर्विघ्न चालली होती.

उद्या काल्याचे कीर्तन आहे. ज्या गादीवरून आम्ही बोललो, त्याच गादीवरून गतवर्षीचे ते वाक्य परत घेणार आहोत. ज्या शिदोरीस आम्ही नाके मुरडली, तीही भगवंताने आपल्या काल्यात घेतली असती, अशी आता आमची खात्री झाली आहे. झांज पुसून लखलखीत करून ठेविली आहे. नातू आजच रात्रीच्या गाडीने येत आहे. ती तो उचलील की नाही, हे गोपाळकृष्णाच्या इच्छेवर सोडून आम्ही जन्माच्या पाळण्यास बसतो.