भातखाचरातील वर्षायू लव्हाळा : सायपेरस इरिया

भाताच्या खाचरात उगवणाऱ्या, तिधारी दांड्याच्या आणि गवतासारख्या दिसणाऱ्या तणांसाठी बोलीत ‘लव्हाळा’ हा शब्द बराच सैलपणे वापरला जातो. व्यवहारात या सैलपणाने काही बिघडत नाही असे वाटते, वस्तुतः बिघडते. ज्याला लव्हाळा म्हणणे सर्वार्थाने योग्य आहे तो सायपेरस रोटुंडस बहुवर्षायू असून त्याचा जीव जमिनीखालील गाठींत असतो. तो उपटला तरी गाठी मागे राहतात आणि पुन्हा फुटतात. त्याच प्रजातीतील सायपेरस इरिया ही जाती मात्र वर्षायू आहे. तिला मूलक्षोड नाही, गाठी नाहीत. तंतुमय मुळांचा एक झुबका तेवढा असतो. मुळासकट निघाली की ती संपली. तिचे सातत्य सर्वस्वी बीजावर अवलंबून आहे, आणि तिच्याविषयी जे काही जाणून घ्यावयाचे ते येथूनच सुरू होते.

लिनीअसने १७५३ साली या जातीस नाव दिले. आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया यांच्या उष्ण प्रदेशांत ती मूळची असून अमेरिकेत मागाहून पोहोचली आहे. उंची सामान्यतः वीतभरापासून सुमारे ६० सेंटिमीटरपर्यंत. दांडा तिधारी व गुळगुळीत. पुष्पविन्यास शाखित व सैल असतो. त्याच्या तळाशी पानांसारखी लांब छदे असतात आणि कणिशके पिवळसर सोनेरी, चपटी व एकमेकांपासून काहीशी सुटी असतात. ओळख पटविण्यास तुषे पाहावीत. ती रुंद, अग्राशी किंचित खाचलेली आणि मध्यशिरेवर हिरवी असतात. किंजल्के तीन, फळ तिधारी, गडद तपकिरी ते काळसर व जवळजवळ तुषाइतकेच लांब.

खाचरात तिच्या शेजारीच बहुधा सायपेरस डिफॉर्मिस ही दुसरी वर्षायू जाती आढळते. त्या दोहोंत गल्लत होण्याचे खरे म्हणजे कारण नाही. डिफॉर्मिसची कणिशके दाट, गोल गेंदांत गच्च बसलेली असतात आणि तिची फळे इरियाच्या फळांच्या निम्म्याएवढी व फिकट असतात. साधे भिंगही पुरेसे आहे.

अधिक महत्त्वाचा भेद मात्र भिंगाला दिसत नाही. डिफॉर्मिसमध्ये प्रकाशसंश्लेषण गहू किंवा भात यांच्याप्रमाणे होते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडपासून बनणारा पहिला स्थिर पदार्थ तीन कार्बन अणूंचा असतो. इरियात तो चार अणूंचे आम्ल असतो, मक्यात असतो तसा. पण मक्याशी साम्य येथेच थांबते. मक्याच्या पानात वाहक वृंदाभोवतीचे हरितकणूंनी भरलेले आवरण भोवतालच्या मध्योतकास थेट लागून असते. इरियाच्या पानात या दोहोंमध्ये जाड भित्तीच्या, हरितकणूरहित पेशींचे आणखी एक आवरण येते. म्हणजे मध्योतकात तयार झालेल्या आम्लास हा अडसर ओलांडूनच आत जावे लागते. मुस्तक कुलातील ही रचना तृणकुलाच्या नमुन्यात बसत नाही. चार कार्बनांचा मार्ग या दोन कुलांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला, हे त्यावरून सहज पटते. कडक ऊन व उष्णता यांत हा मार्ग लाभदायक ठरतो. त्यामुळे धूळवाफेवर पेरलेल्या, पाणी न साचलेल्या भातात इरियाचा जोर अधिक दिसावा आणि चिखलाच्या, सतत ओल्या खाचरात डिफॉर्मिसचा, हे स्वाभाविकच आहे.

आता बीजाकडे वळू. एक झाड ३,००० ते ५,००० बीजे देऊ शकते. ती बारीक असल्याने त्यांत अन्नसंचय अत्यल्प असतो. खोलवर गाडलेल्या बीजातून रोप वर येणे अशक्यप्राय असते आणि रुजण्यास प्रकाशही लागतो. म्हणून पृष्ठभागावरचे बीज रुजते आणि खाली गेलेले पडून राहते. चिखलणीने बीजे गाडली जातात हे खरे, परंतु तीच चिखलणी आधी गाडलेली बीजे वरही आणते. लावणीनंतर उभे राहणारे पाणी हा त्याहून भरवशाचा प्रतिबंध होय. बेणणीचे म्हणाल, तर ती तुषे हिरवी असतानाच उरकावी. कणिशके पिवळी पडल्यावर उपटलेले तण बांधावर टाकणे म्हणजे पुढील हंगामाची पेरणीच. केवळ तणनाशकांवर विसंबणेही धोक्याचे आहे: सल्फोनिलयुरिया वर्गातील तणनाशकास न जुमानणारी डिफॉर्मिसची झाडे १९९३ साली कॅलिफोर्नियाच्या भातशेतीत नोंदली गेली.

केवळ तण म्हणून इरियाची वासलात लावता येत नाही, याचे आणखी एक कारण आहे. १९८८ साली तूंग, स्कूली व बेकर यांनी या झाडातून कीटकांचे बाल-संप्रेरक वेगळे केले. कीटकाची अळी प्रौढ केव्हा व्हावी, मादीची अंडी केव्हा वाढावीत, हे ज्याने ठरते तेच हे संप्रेरक. त्याच्यासारखी क्रिया करणारी द्रव्ये वनस्पतींत आधीच सापडली होती; बाल्सम फरच्या लाकडातील जुव्हाबायोन हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. परंतु इरियात आढळला तो नुसता सदृश पदार्थ नसून कीटकांच्या शरीरातला रेणूच होता. हे झाड खाऊन वाढलेल्या एका जातीच्या टोळांत शरीररचनेचे दोष आढळले आणि माद्यांच्या अंडाशयांची वाढ खुंटली.