चार किलोची पेटी, एक किलो बेदाणा

आमच्या तासगाव भागात द्राक्षाचा भाव किलोवर कुणी सांगत नाही, पेटीवर सांगतात. पेटी म्हणजे चार किलो. चार किलो चांगली पिकलेली द्राक्षं वाळवली की साधारण एक किलो बेदाणा हाती येतो. त्यामुळं जानेवारी ते एप्रिल इथल्या घराघरात एकच हिशोब चालतो. आजची पेटी विकायची, की वाळवायची? द्राक्षशेती परवडते की नाही, याचं उत्तर बरंचसं या प्रश्नात आहे.

आमच्या घरच्या बागेची वही मी लिहिते. खर्च एप्रिलमध्ये खरड छाटणीपासून सुरू होतो आणि पहिला पैसा पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत दिसतो. मधले सगळे महिने पैसा फक्त बाहेर जातो. फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढायची, शेणखत घालायचं, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करायची, डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची, मग विरळणी आणि डिपिंग. यातलं बहुतेक काम बायकांच्या टोळ्या एकराच्या ठेक्यानं घेतात आणि टोळीची तारीख हुकली तर बाग थांबत नाही. शिवाय पाऊस पडला की केवडा आणि भुरी या रोगांसाठी फवारणी ठरलेलीच. सगळं धरून एकराला साडेतीन लाखांच्या आसपास जातात. दहा टन माल निघाला, तर किलोला पस्तीस रुपये खर्च, म्हणजे पेटीला एकशेचाळीस. पेटीचा भाव याच्या वर गेला तर आमचं घर चालतं, खाली आला तर कर्ज फिरतं. मंडप, तारा, ठिबक यांचा उभारणीचा खर्च यात धरलेला नाही.

आता विक्री कशी होते ते सांगते. व्यापारी बागेत येतो, मणी तोंडात टाकून गोडी बघतो, घडाचा रंग बघतो आणि दर ठरवतो. इसार देतो. दोन दिवसांनी त्याची माणसं माल उतरवायला येतात. पहिल्या दिवशी ठरल्या दरानं तोडतात. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं की बोलणं बदलतं. “वैनी, पुढचं मार्केट उतरलंय, पेटीमागं वीस कमी करा, नायतर गाडी दुसरीकडं नेतो.” अशा वेळी शेतकऱ्याच्या हातात काही नसतं. पिकलेलं द्राक्ष वेलीवर फार दिवस ठेवता येत नाही. एक चांगली सर आली तरी मणी तडकतात, आणि तडकलेला माल कुणी उचलत नाही. व्यापाऱ्याला हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. उधारीवर माल नेऊन गायब झालेले व्यापारी तर आमच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. आम्हीही एकदा असा फटका खाल्ला. तेव्हापासून आम्ही घरात नियमच घातला, पैसे हातात पडल्याशिवाय गाडी बांधाबाहेर जाणार नाही.

निर्यातीचा माल दराला बरा असतो, पण तिथं औषधाच्या अंशाची तपासणी कडक. 2010 साली युरोपात भारतीय द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि माल अडकला. त्या एका हंगामानं कितीतरी बागायतदार वर्षानुवर्षं मागं गेले. तपासणी वाईट नाही. खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये हे आम्हालाही पटतं. पण नियम हंगामाच्या आधी आणि शेतकऱ्याच्या भाषेत पोचायला हवेत.

या सगळ्यात बेदाण्यानं आमच्या भागाला एक मोठी गोष्ट दिली. व्यापाऱ्याला “नाही” म्हणता येऊ लागलं. मिरज-पंढरपूर रस्त्यानं नागज, जुनोनीकडं गेलात तर दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीनं झाकलेल्या शेडची रांग दिसेल. त्यात एकावर एक जाळ्यांचे कप्पे असतात, त्याला आम्ही रॅक म्हणतो. तिकडची हवा कोरडी, वारा भरपूर आणि पाऊस मुळात कमी, म्हणून तो पट्टा वाळवणीसाठी उत्तम. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवतात. त्यानं मण्यावरचा मेणाचा थर मोकळा होतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग सावलीत, वाऱ्यावर पंधराएक दिवस. रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. वाळल्यावर झाडून, देठ काढून, धुऊन, आकाराप्रमाणं निवडून बॉक्स भरतात. खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगवावा लागतो, बेदाण्याला गोडी भरावी लागते, म्हणून माल वेलीवर थोडा जास्त दिवस ठेवावा लागतो. ती जोखीम वेगळीच.

वाळवणीला आमच्या वहीप्रमाणं बेदाण्याच्या किलोला तीसएक रुपये लागतात. म्हणजे पेटीचा भाव एकशेवीस मिळत असेल, तर बेदाण्याला दीडशेच्या वर मिळाले तरच वाळवण्यात अर्थ. हा हिशोब गावातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, बागा अर्ध्या तोडायच्या होत्या आणि गाड्या थांबल्या, तेव्हा भागातल्या शेतकऱ्यांनी जमेल तेवढा माल रॅकवर चढवला. खाण्यासाठी वाढवलेली द्राक्षंसुद्धा वाळवली. त्या वर्षी बेदाणा नसता तर तो माल बांधावर कुजला असता.

पण बेदाणा म्हणजे मोकळा नफा, असं कुणी समजू नये. तासगाव आणि सांगलीच्या बाजारात सौदे निघतात, तेव्हा भाव रंगावर ठरतो. हिरवा वरच्या दरानं जातो, पिवळा त्याच्या खाली आणि काळा कितीतरी खाली. वजनात तूट धरतात. सौद्याच्या वेळी मूठमूठ माल उधळला जायचा, त्या उधळणीबद्दल शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. पैसे हप्त्याहप्त्यानं मिळतात. दिवाळीच्या सुमारास सौदे जवळजवळ महिनाभर बंद राहतात, जुनी देणीघेणी सगळी चुकती होतात आणि मगच नवे सौदे सुरू होतात. बाजारात याला झिरो पेमेंट म्हणतात. ही शिस्त चांगली आहे. माझं म्हणणं एवढंच, की वर्षातून एकदा होणारी ही साफसफाई दर सौद्याला ठरावीक दिवसांत व्हायला काय हरकत आहे?

खरा पेच इथं आहे. बेदाणा शीतगृहात ठेवला तर महिनोन् महिने टिकतो. रमजान, गणपती, दिवाळी या वेळी मागणी वाढते, भाव चढतो. मग सगळे शेतकरी थांबत का नाहीत? कारण थांबायलाही पैसा लागतो. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं असतं, वेळेत भरलं तरच व्याजाची सवलत मिळते. औषध दुकानदाराची उधारी हंगाम संपला की दारात येते. त्यात खरड छाटणीचा नवा खर्च सुरू झालेला असतो. त्यामुळं ज्याच्याकडं दोन-तीन एकर बाग आहे तो हंगामातच, बाजारात सगळ्यांचा माल आलेला असताना, पडत्या दरानं विकतो. दिवाळीचा चढा भाव ज्याच्या हाती पडतो, त्याच्याकडं बहुतेक वेळा दुसरं उत्पन्न असतं, किंवा तो व्यापारी असतो. शीतगृहाच्या पावतीवर तारण कर्ज मिळतं, ती सोय फार मोलाची आहे. पण ती सोपी, स्वस्त आणि लहान शेतकऱ्याच्या गावापर्यंत पोचली पाहिजे.

हवामानाचं गणित तर दरवर्षी कठीण होत चाललंय. पुढच्या हंगामाचे घड खरड छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत काडीच्या डोळ्यात तयार होत असतात. त्या काळात लख्ख ऊन लागतं. 2025 च्या मे महिन्यातच पावसानं महाराष्ट्र झोडपला, ऊन मिळालं नाही आणि ऑक्टोबरात छाटणी केल्यावर कित्येक बागांत नुसता पाला फुटला. घडच नाहीत. वर्षभराचा खर्च मात्र तोच. आमच्या शिवारात त्यानंतर कुऱ्हाड लागलेल्या बागा मी पाहिल्या आहेत. ज्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन या द्राक्षाच्या वाणातून तास-ए-गणेश हा वाण निवडून आमच्या तालुक्याचं नाव देशभर नेलं, त्याच तालुक्यात मंडपाच्या तारा भंगारात जाताना बघवत नाही.

काही गोष्टी सुधारल्याही आहेत. टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं, टँकरनं बाग जगवण्याचे दिवस बऱ्याच गावांतून गेले. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्याला जीएसटी नाही, हे डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं.

पुण्या-मुंबईहून नातेवाईक विचारतात, गावाकडं थोडी जमीन आहे, द्राक्षबाग लावू का? मी त्यांना दर सांगत नाही. एक संपूर्ण वर्षाचा खर्च कर्ज न काढता बाजूला ठेवता येत असेल तर लावा, नसेल तर दुसरं पीक बघा, एवढंच सांगते. आणि जे फक्त खाणारे आहेत त्यांना माझी विनंती आहे. बेदाणा घेताना नुसता हिरवा झळाळता रंग बघू नका. स्वच्छ, किंचित तपकिरी बेदाणाही तेवढाच गोड असतो. तो तुम्ही मागायला लागलात, तर सौद्यात त्याचा भाव आपोआप वर येईल.