थरथरणारा काटा

पहाटे पावणेपाच. बोरिवली पश्चिमेला बाभई नाक्यावर रिक्षा मिळेपर्यंत माणूस अर्धा जागा होतो आणि अर्धा चिडतो. फेब्रुवारी २००५. एका खांद्याला डबा आणि फायलींची पिशवी, दुसऱ्या खांद्याला ऑफिसचा सर्व्हे मीटर. मीटरच्या तपासणी पत्रकावर 'सेल ठीक, कॅलिब्रेशन ठीक' असं लिहून खाली मीच सही केली होती. त्या सहीकडे पुढे यावं लागणार आहे.

मी तेव्हा अणुऊर्जा नियामक मंडळात होतो. मंडळ १९८३ सालचं, कचेरी अणुशक्तीनगरला, नियामक भवनात. रोज बोरिवलीहून तिथं जाणं म्हणजे अख्खी मुंबई आडवी कापणं. त्यामानाने तारापूरला अणुवीज केंद्राच्या तपासणीला निघालं की मला सुट्टी लागल्यासारखं वाटायचं. तुकडीतले बाकीचे तिघे आदल्या दिवशीच जीपने गेले होते. माझ्या मुलीचं शाळेचं गॅदरिंग होतं, म्हणून मी एक दिवस उशिरा.

पाच वीसची विरार लोकल उलट दिशेची, त्यामुळे बसायला जागा. तेव्हा लोकल विरारलाच संपायची, पुढे डहाणूची शटल. शटलमध्ये बोईसरच्या एमआयडीसीत जाणारे नेहमीचे लोक. एकाने विचारलं, "कुठली कंपनी?" मी म्हटलं, "अ‍ॅटॉमिक." त्याने माझ्याकडे, मग मीटरच्या पेटीकडे पाहिलं आणि जरा सरकून बसला. वैतरणेचा पूल येईपर्यंत उजाडलं होतं.

साडेसातला बोईसर, तिथून केंद्राची जीप. किनाऱ्याकडे ताडाची झाडं दाट होत जातात. युनिट ३ आणि ४ साठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठवावी लागली. ड्रायव्हर त्याच पट्ट्यातला. त्या वळणावर तो काही बोलत नसे, मीही विचारत नसे.

सव्वाआठला गेट. पास, सही, छातीवर टीएलडी बॅज. या बॅजमधल्या तीन चकत्या अंगावर पडलेला किरणोत्सर्ग साठवून ठेवतात. नंतर त्या तापवल्या की तेवढ्या प्रमाणात उजेड देतात, आणि उजेड मोजून डोस काढतात. बॅज त्या क्षणी काहीच सांगत नाही, म्हणून सोबत पेनासारखा डोसमीटरही देतात. उजेडाकडे धरून डोळ्याला लावला की आत एक केस दिसतो आणि त्यामागे आकडे. कामगारासाठी आपल्याकडची मर्यादा वर्षाला ३० मिलिसिव्हर्ट, पाच वर्षांत मिळून १००. बाहेरच्या जनतेसाठी वर्षाला १.

नऊची बैठक लवकर उरकली. सगळ्या बैठका सारख्याच असतात. चहा गोड, स्लाइड फार. तेवढ्यात आमच्या सरांनी एक वाक्य टाकलं: "आम्ही आज कागद नाही बघणार, काटे बघणार."

ते असं का म्हणाले, हे समजायला युनिट ४ त्या महिन्यात कुठल्या अवस्थेत होतं ते सांगायला हवं. ५४० मेगावॉटचं हे देशातलं पहिलंच युनिट. त्याआधीच्या आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्या २२० मेगावॉटच्या. शेजारची १ आणि २ ही उकळत्या पाण्याची, १९६९ पासून चालणारी, पूर्ण वेगळ्या जातीची. युनिट ४ अजून क्रिटिकल व्हायचं होतं, म्हणजे साखळी प्रक्रिया एकदाही सुरू झालेली नव्हती. नैसर्गिक युरेनियमचं नवं इंधन तर हातमोजे घालून हाताळता येतं. सगळ्या इमारतीत मोजण्यासारखं जवळजवळ काही नव्हतंच. तरी शेकडो यंत्रं भिंतीवर, दारात, नळ्यांवर बसवलेली, आणि सगळी सांगत होती की ठीक आहे. प्रश्न असा की ठीक आहे म्हणून तसं सांगताहेत, की यंत्रंच मेलेली आहेत म्हणून? सुरू झालेल्या केंद्रात हा प्रश्न सोपा असतो. सुरू न झालेल्या केंद्रात दिवसभर तेवढंच काम.

दहा वाजता आत शिरलो. केंद्राची आतली जागा झोनमध्ये वाटलेली असते. झोन १ म्हणजे ऑफिससारखा स्वच्छ, आकडा वाढत जाईल तशी लागण होण्याची शक्यता जास्त. सीमेवर बुटांवर रबरी आवरण चढवायचं, परतताना ते काढायचं आणि हातपाय यंत्रावर ठेवायचे. अजून कुठंच लागण नाही, तरी प्रत्येकजण नियमाने बूट बदलत होता. मला हे आवडतं. सवय गरज पडायच्या आधी लागावी लागते.

सोबत दिलेला तंत्रज्ञ पालघरकडचा, तिशीचा. हातात शिशाची छोटी डबी, तिच्यात बटणाएवढी सीझियमची चकती. डबी बाहेर काढली की वहीत वेळ लिहायची, परत ठेवली की पुन्हा लिहायची. पद्धत अशी: चकती भिंतीवरच्या मॉनिटरजवळ न्यायची, काटा चढला पाहिजे, दिवा लागला पाहिजे, भोंगा वाजला पाहिजे. आणि नियंत्रण कक्षात बसलेल्या आमच्या माणसाने फोनवर सांगितलं पाहिजे की पॅनलवर कुठल्या नंबरचा दिवा लागला. शेवटचा भाग लोक टाळतात, कंटाळवाणा असतो. पण दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी एका खोलीत उभा होतो आणि फोनवरचा माणूस शेजारच्या खोलीचा नंबर सांगत होता. दोन तारांची अदलाबदल. दोन्ही मॉनिटर उत्तम चालत होते, फक्त एकमेकांच्या नावाने.

तिसऱ्या मॉनिटरपाशी मी आमचा मीटर पेटीतून काढला, चालू केला आणि खोलीत फिरवला. काटा शून्यावर. "बॅकग्राउंड काही नाही," असं म्हणत मी पत्रकात लिहायला लागलो.

तंत्रज्ञ माझ्याकडे बघत राहिला. मग फार अदबीने म्हणाला, "साहेब, जरा बॅटवर फिरवून बघता?"

मी खटका 'बॅट' या खुणेवर नेला. काटा हललाच नाही. सेल संपलेले होते.

शून्य हे निसर्गात नसतंच. दगडात, काँक्रीटमध्ये, आकाशातून येणाऱ्या किरणांत, आपल्या हाडामांसातल्या पोटॅशियममध्ये थोडं थोडं असतंच. जिवंत मीटरचा काटा तळाशी कुठंतरी थरथरत असतो. तो अगदी निपचित पडला असेल तर समजावं की मीटर गेला. हे मी नव्या मुलांना वर्गात शिकवायचो. आदल्या संध्याकाळी गॅदरिंगच्या घाईत सेल न तपासताच सही ठोकली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला शंभरेक किलोमीटर आलो, आणि मुसळ खांद्याला लटकवून आणलं.

सर लांब उभे होते. त्यांना ऐकू गेलं होतं. काही बोलले नाहीत, फक्त माझ्या पत्रकाकडे बोट दाखवलं. लिहिलेला आकडा खोडून मी बाजूला कारण लिहिलं: 'निरीक्षकाचा मीटर बंद'. सही केली. तंत्रज्ञाने त्याच्या कपाटातून सेल आणून दिले. काटा थरथरला.

बारा वाजता फ्युएलिंग मशीनच्या व्हॉल्टमध्ये गेलो. समोर इंधनाच्या ३९२ चॅनेलची तोंडं, मधमाशांच्या पोळ्यासारखी. जड पाण्याच्या अणुभट्टीत चालू असतानाच इंधन बदलतात; दोन बाजूंना दोन यंत्रं, एक नवं आत ढकलतं, दुसरं जुनं बाहेर घेतं. म्हणून ही खोली भट्टी चालू असताना माणसाला बंद. मी जिथं उभा राहून लिहीत होतो तिथं महिनाभराने कुणालाही पाय ठेवता येणार नव्हता. दारांची कुलपं, किल्ल्यांची वही, दार उघडं असलं तर वाजणारी घंटा, सगळं दोनदा पाहिलं. भिंतीतून नळ्या जातात तिथल्या फटी टॉर्चने पाहिल्या, कारण किरण फटीतून पाण्यासारखे निसटतात. खरी परीक्षा पुढे कमी शक्तीवर, टप्प्याटप्प्याने होते. तेव्हा भिंतीबाहेर मीटर घेऊन फिरायचं असतं.

एकला कँटीन. वरण-भात, कोबी, ताक. पोटभर.

दोनला ट्रिशियम. माझ्या मते जड पाण्याच्या केंद्रात सगळ्यात जास्त लक्ष द्यायची गोष्ट हीच, आणि डोळ्याला सगळ्यात कमी दिसणारी. जड पाण्यातल्या ड्युटेरियमने न्यूट्रॉन पकडला की ट्रिशियम तयार होतं. त्याचे बीटा किरण इतके दुबळे की कातडीही भेदत नाहीत, त्यामुळे खांद्यावरच्या मीटरला त्याचा पत्ताच लागत नाही. पण वाफेतून श्वासात आणि कातडीतून आत गेलं की ते शरीरातल्या पाण्यात मिसळतं. म्हणून फुगवलेला प्लास्टिकचा सूट, त्याला बाहेरून हवा देणारी नळी, आणि काम झाल्यावर लघवीची बाटली. नमुना तपासून डोस काढतात. शरीरातलं निम्मं ट्रिशियम साधारण दहा दिवसांत बाहेर पडतं, भरपूर पाणी प्यालं तर त्याहून लवकर. त्या दिवशी आम्ही एकाला सूट घालायला लावला आणि घड्याळ लावून हवेची नळी काढली. किती वेळात बाहेर येतो ते बघायचं होतं. हसत बाहेर आला, घामाने निथळत. पुढे २००९ च्या नोव्हेंबरात कैगाच्या अणुवीज केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियम मिसळलं गेल्याचं उघड झालं, ते नेहमीच्या लघवीच्या नमुन्यांमुळेच. त्या बाटल्यांना कुणी हसू नये.

साडेतीनला पर्यावरण प्रयोगशाळा. दूध, मासे, भाजी, माती, समुद्राचं पाणी. नवं केंद्र सुरू होण्यापूर्वीची पातळी नोंदवून ठेवावी लागते, नाहीतर नंतर वाढ झाली की नाही हे ठरवणार कशाच्या तुलनेत? तारापूरला ही पाटीही कोरी नाही. शेजारी जुनी दोन युनिट, आणि जगभरातल्या अणुचाचण्यांचं उरलेलं सीझियम मातीत आहेच. जनतेसाठीचा तो १ मिलिसिव्हर्टही एका युनिटचा नसतो. त्या जागेवरच्या सगळ्यांनी मिळून तेवढ्यात भागवायचं असतं.

पाचला आणीबाणीची तयारी. भोंगा, जमायच्या जागा, आयोडीनच्या गोळ्या आणि त्यांच्यावरची मुदत. गेटवरच्या पहारेकऱ्याला मी विचारलं, "वारा कुठून आहे?" त्याने कागद न बघता वर वातकुक्कुटाकडे पाहिलं. त्याला पैकीच्या पैकी.

सहाला शेवटची बैठक. आम्ही काय काय लिहिलं ते अहवालात आहे, इथं नाही. पण सरांनी पहिलीच नोंद वाचली ती माझी: निरीक्षकाचा मीटर बंद. समोरचे लोक कसेबसे हसू दाबत होते. बाहेर पडताना डोसमीटर डोळ्याला लावला. केस सकाळी होता तिथंच.

बाकीचे गेस्ट हाऊसवर गेले. मी शटल पकडली, कारण दुसऱ्या दिवशी बदली मीटर घेऊन यायचा होता. साडेनऊला बोरिवली. स्टेशनबाहेरच्या दुकानातून चार सेल घेतले, बिल स्वतःच्या खिशातून.

युनिट ४ क्रिटिकल झालं ६ मार्च २००५ रोजी. रविवार होता, मी घरीच होतो.